एक ठोका हो, दोन ठोके नाही

मंठ्याजवळच्या आमच्या गावातून मी गाण्यासाठी पुण्याला निघाले, तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, दारात उभं राहून म्हणाले होते, "तुझा गळा बसला एकदाचा, की सुटलो आम्ही." भजनात अण्णांनी सूर लावला की अर्ध्या गावाला ऐकू जायचा. माझा आवाज त्यांच्याकडूनच आलेला. पण मुलीनं काळे कपडे घालून, गिटारच्या गोंगाटात, मानेच्या शिरा ताणून रॉक गावं हे त्यांच्या पचनी पडेना. पुढे मला सिनेमात कामंही मिळाली. अण्णांनी सहा वर्षं अबोला धरला. मीही त्यांचीच लेक. फोनवर आईशी बोलायचे, मागून येणारं त्यांचं खाकरणं ऐकायचे आणि ठेवून द्यायचे.

मागच्या वर्षी एका कार्यक्रमात वरचा सूर लावला आणि तोंडातून नुसती हवा आली. स्वरयंत्रावर गाठ निघाली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आठवडाभर एक शब्द नाही. कुजबुजही नाही. जखम भरायच्या आत बोललात तर आवाज कायमचा जाईल." सिनेमात एकवेळ दुसरीचा आवाज लावून निभावतं. रॉक गाणारीनं काय करायचं? मला गाण्याशिवाय काही येत नाही, भाकरीसुद्धा माझी तव्यावर फाटते. अण्णांचं दारातलं वाक्य आठवून मला त्यांचा असा राग आला की दात आवळून बसले.

आई मला गावी घेऊन आली, तर घरात आधीच एक पेशंट. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, दुसऱ्या डोळ्यानं आधीच कमी दिसायचं. काळा चष्मा लावून ते बाजेवर बसून होते.

"एकाचा डोळा अन् एकीचा गळा," आई म्हणाली. "मीच तेवढी धड राह्यले."

मी मोबाईलवर लिहिलेलं आईला वाचता यायचं, अण्णांना नाही. म्हणून तिनं माझ्या हातात स्टीलचं ताट आणि चमचा दिला. एक ठोका हो, दोन ठोके नाही.

सुरुवातीला अण्णा माझ्याकडे तोंडही करेनात. मग एकदा चहा पुढे ठेवला तेव्हा त्यांनी हवेलाच विचारलं, "साखर टाकली का?" मी एक ठोका दिला. सहा वर्षांनंतरचं हे आमचं पहिलं बोलणं. त्यानंतर मात्र ते सुटलेच. सोयाबीन कसं आलंय, भजनात आता कोण बेसूर गातं, गावात कोण गेलं. मला उलटून बोलता येत नव्हतं, ही त्यांची मोठीच सोय झाली. मी ताट वाजवत राहिले. झोपेत बोलेन या धास्तीनं तोंडाला ओढणी बांधून झोपायचे.

आठवडा संपून तपासणीला जायच्या आदल्या संध्याकाळी आई शेजारी बारशाला गेली. अण्णा तेवढीच वाट पाहत असावेत.

"तुझं पिच्चर पाह्यलं म्या," ते म्हणाले. "डोळ्याच्या आप्रेशनच्या आधी. जालन्याला गेल्तो, कोणाला सांगितलं न्हाई. त्याच्यात तुझा बाप मरतो."

एक ठोका.

"सरणापुढं रडलीस तू. असं रडताना तुला कधी पाह्यलं न्हाई म्या. घर सोडताना बी रडली न्हाईस. ते रडणं खरं होतं का?"

खरंच होतं. मी एक ठोका दिला.

अण्णांनी मान हलवली. "मंग ठीक हाय. परक्या माणसासाठी खरं रडू येतं तुला. आपल्या माणसासाठी न्हाई येणार." आणि भिंत चाचपत ते उठायला लागले.

मी दोन ठोके मारले. परत दोन. मग नुसतं ताट बडवलं.

"आता कशाला न्हाई म्हणून राह्यलीस?"

त्यांना कळेना आणि मला सांगता येईना. उद्यापर्यंत थांबता आलं असतं, पण हे आत गेले की पुन्हा बोलायचे नाहीत हे मला पक्कं माहीत होतं, कारण तोच हट्ट माझ्यातही आहे. गेला गळा तर गेला. मी ताट टाकून दिलं आणि छाती भरून श्वास घेतला.

दिसत नसलं तरी गाणाऱ्याला श्वास ओळखू येतो. अण्णा गर्रकन वळले. अंदाजानं पुढे केलेला त्यांचा हात आधी माझ्या गालाला लागला, मग तोंडावर घट्ट बसला.

"बोलू नको! गळा जाईल ना तुझा!"

माझा गळा बसावा म्हणणारा माणूस माझं तोंड दाबून उभा होता. हुंदका दिला तर गळ्यावर ताण येईल, म्हणून मी नुसतं डोळ्यांतलं पाणी वाहू दिलं. ते त्यांच्या बोटांवरून ओघळत राहिलं. आई येईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही संभाजीनगरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बोला काहीतरी. अगदी हळू."

अण्णा दाराशी स्टुलावर बसले होते. मी त्यांच्याकडे वळले.

"सरणावर मला तुम्ही दिसत होता, अण्णा."

आवाज जाडाभरडा होता, पण होता. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"म्हणजे जित्तेपणीच जाळलंस मला," अण्णा म्हणाले. हसायला गेले आणि ते जमेना, तेव्हा चष्मा वर सारून डोळे पुसायला लागले.

मी झटकन त्यांचा हात धरला.

"चोळू नका," मी म्हटलं. "डोळा जाईल ना तुमचा."