बारावा पाना

बाहत्तरच्या दुष्काळात, एका मंगळवारी दुपारी, वडवणीजवळ सहकारी सोसायटीच्या विहिरीवरचं इंजिन दुरुस्त झालं; पण मिस्त्री ते सुरू करू देईना. आदल्या सालच्या लढाईत तो हवाई दलाच्या एका स्क्वाड्रनमध्ये विमानांची इंजिनं सांभाळायचा. फडक्यावर मांडलेले पाने त्यानं बोटानं मोजले. बारापैकी एक कमी होता.

मी बातमीसाठी गेलो होतो. दोन दिवस पाणी नव्हतं, घागरींची रांग लांबली होती.

“काय बे, इमान उडवायचं हाय का?” चेअरमन ओरडले. रांग हसली.

“लढाईत बी पाने मोजल्याबिगर आमी एक इमान सोडलं न्हाई,” तो म्हणाला आणि इंजिनाशेजारी आडवा झाला.

पाना मोठ्या चाकामागे अडकला होता. त्यानं तो पुसला, बाराही पुन्हा मोजले, मग हँडल मारलं.

पहिली घागर साडेचारला भरली.