रिकामं म्हणजे शून्य नव्हे

त्या रकान्यात मी काहीच लिहिलं नव्हतं. विसरले म्हणून नाही, मुद्दाम. आणि शनिवारी सकाळी मीटिंगला जाऊन बघते तर पडद्यावर त्याच रकान्यात शून्य. एक नव्हे, वरपासून खालपर्यंत शून्यंच शून्यं.

"हे कोणी भरलं?" मी विचारलं.

"मी," अध्यक्ष म्हणाले. "रिकामं बरं दिसत नव्हतं."

एवढं बोलून त्यांनी कॉफीचा घोट घेतला. त्या घोटाबरोबर माझ्या डोक्यात जो राग शिरला, तो दीड वर्ष झालं तरी पुरता उतरलेला नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी नागपूरची. कॉलेजात कबड्डी खेळले, डाव्या कोपऱ्यात. कोपरा सांभाळणाऱ्याचं नशीब ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचं समजावून सांगायला नको. चढाई करणारीचा फोटो पेपरात येतो. तिचा घोटा धरून तिला आडवी पाडणारीचा फक्त गुडघा येतो, तोही फोटोच्या कडेला. आम्ही विद्यापीठाची स्पर्धा जिंकलो तेव्हा बातमीत माझं नाव 'व इतर' या दोन शब्दांत होतं.

लग्नानंतर मी कॅनडात आले, प्रेअरीवरच्या या सपाट, गार शहरात. इथल्या विद्यापीठात आकडेवारीचं शिकले आणि त्याचीच नोकरी धरली. घर घेतलं त्याच्या शेजारी एक वयस्कर जोडपं राहत होतं. इथे लहानथोर सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, माझ्या जिभेला ते कधी वळलं नाही. मी घरात त्यांना काका-काकू म्हणायची, ते हळूहळू त्यांच्या तोंडावरही म्हणायला लागले. काकूंनी अर्थ विचारला. सांगितल्यावर म्हणाल्या, "चालेल. छान आहे."

पहिल्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसताना मी कंबर धरून बसले, तेव्हा काका पलीकडून आले आणि गुडघे वाकवून, बूड खाली ठेवून बर्फ कसा उचलायचा ते त्यांनी करून दाखवलं. ती बैठक मी लगेच ओळखली.

"तुम्ही काय खेळायचात?"

या प्रश्नाने ते इतके खूश झाले की फावडं बर्फात रोवून तिथेच सांगत उभे राहिले. सत्तरच्या दशकात ते याच विद्यापीठाकडून फुटबॉल खेळायचे. हा फुटबॉल पायाने खेळायचा नाही. डोक्यावर हेल्मेट, हातात लांबट चेंडू, आणि समोरच्या भिंतीला फोडून पुढे जायचं, तो. काका बचावात, अगदी मधोमध. जो चेंडू घेऊन येईल त्याला पाडायचं, एवढंच काम.

"चेंडूकडे बघायचंच नाही," ते म्हणाले. "डोळे फसवतात, खांदे फसवतात. कंबर फसवत नाही."

नागपूरचे आमचे सर हेच ओरडायचे: "कमरेकडे पाह्य बे, कमरेकडे!" काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते मोठ्याने हसले. पुढे कितीतरी वर्षं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवारी आम्ही दोघं विद्यापीठाच्या मैदानावर जाऊन बसायचो. सगळे चेंडूकडे बघायचे, आम्ही बचावाकडे. हा त्याच्यापेक्षा बरा, तो अमक्याच्या तोडीचा नाही, अशी आमची बडबड चालायची. माझा नवरा म्हणायचा, तुम्हा दोघांना तिकीट अर्ध्या किमतीत द्यायला पाहिजे, अर्धाच खेळ बघता.

मग काका विसरायला लागले. आधी नावं, मग वस्तू, मग ग्रोसरीच्या दुकानातून घरी यायचा रस्ता. काकू कारण बोलत नसत. मीही विचारलं नाही.

अशातच माजी खेळाडूंच्या मंडळाचा मला ईमेल आला. विद्यापीठाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बचावपटू निवडायचा होता. वेगवेगळ्या काळांतल्या खेळाडूंची तुलना करायची म्हणजे आकडेवारीतलं कोणीतरी हवं, आणि मी सामन्यांना येते हे त्यांना माहीत होतं. अंतिम यादीत तिघे होते. पहिले आमचे काका. दुसरा नव्वदच्या दशकातला. तिसरा आत्ता खेळत असलेला, शेवटच्या वर्षातला, खरोखर जबरदस्त. मी आनंदाने हो म्हटलं. कोपऱ्यात उभं राहणाऱ्यांचं कोणीतरी मोजतंय, याचंच मला अप्रूप वाटलं.

मोजायला बसले आणि अडले. आजच्या खेळाडूचं सगळं नोंदलेलं असतं: किती जणांना पाडलं, किती चेंडू अडवले, चेंडू फेकणाऱ्याला फेकण्याआधीच किती वेळा जमिनीवर आणलं. काकांच्या काळात यातलं काहीच कोणी लिहून ठेवलं नव्हतं. गुण कोणी केले तेवढं लिहिलेलं. गुण होऊ कोणी दिले नाहीत, त्याला रकानाच नव्हता. म्हणून मी काकांचे रकाने रिकामे ठेवले आणि खाली ठळक अक्षरांत टीप लिहिली: नोंद उपलब्ध नाही, याचा अर्थ शून्य असा घेऊ नये.

नुसती टीप लिहून मी थांबले नाही. विद्यापीठाच्या बेसमेंटमध्ये जुन्या सामन्यांच्या फिल्मची रिळं होती. ग्रंथालयातल्या बाईंना विनवून त्यातली काही मी संगणकावर उतरवून घेतली. आवाज नाही, रंग नाही, आणि कॅमेरा सतत चेंडूमागे. त्यामुळे काका बहुतेक वेळा चौकटीत दिसायचेच नाहीत; दिसायचे ते थेट धडक द्यायला पोचल्यावर. कुठून आले, किती आधी ओळखलं, काही कळायचं नाही. मी वैतागून लॅपटॉप उचलला आणि काकांकडे गेले. काकू पोहायला गेल्या होत्या.

काकांनी त्या दिवशी मला ओळखलं नव्हतं. कोणीतरी भली बाई आली आहे, अशा नजरेने बघत होते. मी फिल्म लावली. दोन्ही संघ समोरासमोर वाकून उभे. चेंडू अजून हललाही नव्हता, तोच काका म्हणाले, "डावीकडून."

चेंडू डावीकडून गेला.

पुढचा डाव. "मधून." मधून गेला. "फसवतोय, फेकणार आहे." फेकला. मी फिल्म सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले. ज्या माणसाला सकाळी नाश्ता केला की नाही ते सांगता येत नव्हतं, तो प्रत्येक डाव चेंडू हलायच्या आत वाचत होता. मी पेन काढलं आणि नोंद करायला लागले. त्या दुपारी मी जे टिपलं ते कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं होतं, निदान मला तरी तसं वाटलं. ते सगळं मी अहवालात घातलं.

आणि शनिवारी पडद्यावर शून्यं.

"हा अहवाल कुणी वाचला का?" मी विचारलं. कोणी वर बघेना.

मंडळाचे अध्यक्ष स्वतः जुने खेळाडू, चेंडू घेऊन पळणाऱ्यातले. गुळगुळीत आवाजात म्हणाले, "हे बघ, तेव्हाचे खेळाडू हळू होते, लहान होते. आजच्या मुलांपुढे उभे राहिले नसते."

"मग आजच्या मुलाला तेव्हाचं हेल्मेट घालून तेव्हाच्या गोठलेल्या मैदानावर उतरवा ना!"

"तू फारच मनाला लावून घेतेस."

"तुम्ही माझ्या कामात खोटं घातलंत. मी मनाला लावून घेऊ नको?"

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि खरं काय ते बोलले. पुरस्काराच्या समारंभाला नव्या मुलांचे पालक येणार. ही मुलं आपल्याकडे खेळायला यावीत म्हणून तर सगळा खटाटोप. त्यांच्यासमोर स्टेजवर अशा अवस्थेतला माणूस आणायचा? "आणि खरं सांगू," ते म्हणाले, "त्यांना आता काय कळणार आहे?"

मी उभी राहिले. वीस वर्षं इंग्रजीत काम केलेली बाई मी, पण तोंडातून मराठीच आली. "लाज वाटते का काही? त्यांनी डोक्याने दिलेल्या धडका चालल्या तुम्हाला, आता त्यांचं डोकं दिसायला नको होय?" एकालाही शब्द कळला नाही. एकानेही अर्थ विचारला नाही. मी लॅपटॉप उचलला आणि निघाले.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात भांडी आदळत होते. मुलगी म्हणाली, "आई, यू आर स्केअरिंग मी." नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, एका पुरस्काराचं काय एवढं!" जाऊ दे हा शब्द ज्याने कोणी शोधला, त्यालाही मी त्या दिवशी सोडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. मला वाटलं होतं, त्या माझ्याइतक्याच पेटतील, आम्ही दोघी मिळून पेपरला पत्र लिहू. मी सगळं सांगितलं, फिल्म बघितल्याचंही. काकू टॉवेल घडी करत होत्या. त्यांचे हात थांबले.

"तू त्याला फिल्म दाखवलीस?"

"हो. काकू, तुम्ही बघायला हवं होतं. प्रत्येक डाव त्यांनी..."

"त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत हेल्मेट शोधत होता," त्या म्हणाल्या. "कपाटं उपसली. मला ढकललं. मला कळेना काय झालंय. आता कळलं."

त्यांनी हातातला टॉवेल खाली ठेवला.

"तुला पुरस्कार पाहिजे त्याच्यासाठी. कशाबद्दल? तुला माहीत आहे डॉक्टर काय म्हणाले? हे विसरणं त्या धडकांमुळेच आहे. मी त्या मैदानावर बसून टाळ्या वाजवल्या आहेत. त्याचं डोकं आपटलं की मी टाळी वाजवायची. दर वेळी. तो उठून डोकं हलवायचा, आणि आम्ही सगळे हसायचो. ते शून्य लिहितायत? लिहू दे. मला विचारशील तर मी तो रकानाच फाडून टाकीन."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घरी आले. आता अध्यक्षांवरचा राग होताच, शिवाय माझ्यावरचा होता, आणि त्या खेळावरचा होता, जो मला अजूनही आवडत होता म्हणून जास्तच.

मंडळाला मी लिहिलं: ही तुलना चुकीची आहे, माझं नाव काढा. उत्तर आलं: स्मरणिका छापून झाली आहे, क्षमस्व.

समारंभाच्या दिवशी दुपारी मी विद्यापीठाच्या जिममध्ये गेले; समारंभ तिथेच होता. स्मरणिकांची खोकी लॉबीत ठेवलेली होती. शेवटच्या पानावर तुलनेचा तक्ता, त्यात काकांच्या नावापुढे शून्यं, आणि खाली बारीक अक्षरांत 'विश्लेषण' म्हणून माझं नाव. मी जमिनीवर मांडी घालून बसले, काळा जाड मार्कर काढला आणि एकेक प्रत उघडून आधी शून्यं खोडायला लागले, मग माझं नाव.

दुसरं खोकं अर्धं झालं असेल, तेव्हा कोणीतरी येऊन उभं राहिलं. तो आत्ताचा खेळाडू होता, ज्याला संध्याकाळी पुरस्कार मिळणार होता. नवा सूट खांद्यांवर ताणलेला.

"हे काय करताय?" त्याने नम्रपणे विचारलं.

"दुरुस्ती."

तो निघून गेला नाही. मी रागाच्या भरातच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ती फिल्म तुमच्याकडे आहे?" फोनवर होती. तो माझ्याशेजारी जमिनीवर बसला. एका डावात काका सुरुवातीपासून चौकटीत होते, तो त्याने तीनदा बघितला.

"चेंडू हलायच्या आधीच ते निघालेत," तो म्हणाला. "मला हे व्हिडिओचा तास तास अभ्यास करून जमतं. त्यांना कोणी व्हिडिओ दाखवला असेल?"

"नाही."

"मग ते माझ्यापेक्षा चांगले होते."

इतक्या सरळ कोणी बोलेल असं मला वाटलं नव्हतं. मग फिल्ममध्ये काका धडक देऊन पडले, उठले, डोकं हलवून पुन्हा जागेवर गेले. तो ते बघत राहिला.

"आता कसे आहेत ते?"

मी मार्करचं टोपण लावलं. खोटं बोलावं असं फार वाटलं. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, काही तासांवर त्याचा मोठा क्षण. पण त्या दिवशी त्या लॉबीत पुरेसं खोटं छापलेलं होतं. मी सांगितलं.

त्याने फोन माझ्या हातात दिला, थँक यू म्हणाला, सूट झटकला आणि गेला. थोड्या वेळाने सुरक्षारक्षक आला आणि त्याने मला सभ्य शब्दांत बाहेर काढलं. अर्ध्याहून जास्त प्रती तशाच राहिल्या.

संध्याकाळी त्याने पुरस्कार घेतला. भाषणात प्रशिक्षकांचे, आईवडिलांचे आभार मानले. काकांबद्दल एक शब्द नाही, असं नंतर कळलं. मला त्याचाही राग आला. पुढच्या हंगामात व्यावसायिक संघाने बोलावलं असताना तो गेला नाही, शिक्षकाची नोकरी धरली, हेही कळलं. कारण कोणी सांगितलं नाही, आणि ते माझ्या बोलण्यामुळे झालं असं म्हणायचा मला काही हक्क नाही. चांगलं झालं म्हणावं तर एक उत्तम खेळाडू गेला. वाईट म्हणावं तर माझी जीभ वळत नाही.

काकू महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मी दोन्ही ड्राइव्हवे साफ करत राहिले. ती काही माफी नव्हती, बर्फ पडत होता. मार्चमध्ये एक दिवस त्याच दारात आल्या आणि म्हणाल्या, "ती फिल्म आहे अजून?"

मला वाटलं पुसायला सांगणार. त्यांना बघायची होती, एकटीला. मी लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. दोन-तीन मिनिटांत लॅपटॉप बंद केल्याचा आवाज आला.

"किती बारीक होता," त्या कोट घालत म्हणाल्या. डोळे कोरडे होते, जबडा घट्ट. "आणि केवढा मूर्ख. आम्ही सगळेच."

दाराशी थांबून म्हणाल्या, गुरुवारी त्यांना दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, मी दुपारी काकांजवळ बसू शकेन का. मी म्हटलं, बसेन.