'त्याला सांग': एका मोडत्या बँडबरोबर तोक्यो ते ओसाका

जपानात तीन वर्षं राहूनही मी फुजी पर्वत धड पाहिला नव्हता. पाहिला तो शेवटी चार केसाळ इंग्रजांच्या घोळक्यात, आणि त्यातल्या दोघांनी एकमेकांशी अबोला धरलेला होता. तुम्ही तोक्यो-ओसाका फिरायचं ठरवत असाल तर ही पोस्ट वाचा, उपयोगी माहिती आहे. फक्त माझ्यासारखं जाऊ नका.

झालं असं, की एका मंगळवारी तोक्योतल्या हिगाशी-कसाईत आमच्या बिल्डिंगखाली मी कचऱ्याशी झुंजत होते. इथे दुधाचं खोकं धुवायचं, कापायचं, वाळवायचं आणि मग टाकायचं. माझ्या लग्नात रुखवतावर एवढी मेहनत घेतली नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे मोरिता-सान, दुभाषे पुरवणाऱ्या एजन्सीतले. जपानीची परीक्षा पास झाल्यावर मी त्यांच्याकडे नाव नोंदवलं होतं आणि आठ महिने तिकडून हूं नाही की चूं नाही. आता त्यांची नेहमीची बाई आजारी पडली होती. एका ब्रिटिश बँडबरोबर चार दिवस, तोक्यो, नागोया, ओसाका. जमेल का?

जमेल का म्हणे! पुण्यात मी सहा वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आले आणि डबे भरायच्या कारखान्यात रोज चार तास भातावर एकेक खारवलेलं फळ ठेवायला लागले. एक डबा, एक फळ. स्वप्नात फळं यायची. हे चार दिवस नीट गेले तर माझं नाव एजन्सीच्या कायमच्या यादीत जाणार होतं. मोरिता-साननी एकच गोष्ट दोनदा सांगितली, "सुजाता-सान, दौरा सुरळीत पार पडला पाहिजे." मी फोनवरच तीनदा वाकले.

बँडचं नाव 'सॉल्ट ऑब्झर्व्हेटरी'. संगीत प्रोग्रेसिव्ह मेटल. हे काय असतं ते मला माझ्या नवऱ्याने, अमोलने, समजावलं. तो तोयोसूत बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो आणि हेडफोन लावून मान हलवत असतो. "अगं, मेटलच, पण हिशेबी. मध्येच सात मात्रा, मध्येच अकरा." म्हटलं, सातचा काय एवढा बाऊ? आपला रूपक ताल आहे की. त्याने ऐकवलेलं गाणं एकोणीस मिनिटांचं होतं. सहाव्या मिनिटाला मी कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या, वरण फोडणीला घातलं, तरी गाणारा अजून समुद्रकिनारी कुणाची तरी वाटच बघत होता.

शुक्रवारी निघाले. तोझाई लाइनने ओतेमाची, तिथून जमिनीखालून चालत तोक्यो स्टेशन. पंधरा मिनिटं धरा, आणि बाणांवर विश्वास ठेवा, स्वतःवर नको. पहिला शो तोक्योतच, शिबुयात होता, तिथून लोकलने अर्धा तास. हॉलच्या मागच्या दाराशी बँड भेटला. गाणारा ग्रॅहम, उंच आणि बोलघेवडा. गिटारवाला कॉलिन, बुटका, चेहरा सतत दाढ दुखत असल्यासारखा. ड्रमवाला नील, आणि एक बेसवाला, जो चार दिवसांत फक्त "वॉशरूम?" एवढंच बोलला.

ग्रॅहमने चहा पिता पिता सगळी कुळकथा सांगितली. इंग्लंडच्या उत्तरेला एका मासेमारी गावात तो आणि कॉलिन एका बाकावर शिकले. चर्चच्या हॉलमध्ये तालीम करायचे, पाद्र्याने दोनदा हाकललं. पहिला अल्बम कुत्र्यानेही ऐकला नाही. मग जपानातल्या एका कंपनीने तो इथे काढला, सोबत एक जादा गाणं घातलं, आणि काय झालं देव जाणे, इथली पोरं वेडी झाली. "घरी आम्ही पबमध्ये चाळीस लोकांसमोर वाजवतो," ग्रॅहम म्हणाला, "त्यातले बारा डार्ट्स खेळत असतात. इथे उतरलो तर विमानतळावर मुली रडत होत्या." दुसरा अल्बम आणखी चालला. तिसऱ्यात गाणी आणखी लांब झाली.

भांडण लागलं ते या लांबीवरूनच. जपानी हॉल नऊला बंद म्हणजे नऊला बंद. आपल्याकडे प्रमुख पाहुणेच दीड तास उशिरा येतात आणि कुणी चकार शब्द काढत नाही. इथे हॉलचा माणूस नम्रपणे म्हणाला, आठ मिनिटं कमी पडतायत. मी ते सांगितलं. ग्रॅहम पटकन म्हणाला, "मग मोठ्या गाण्यातला मधला भाग काढू." मधला भाग म्हणजे कॉलिनची एकट्याची गिटार. कॉलिनने गिटार खाली ठेवली, माझ्याकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "त्याला सांग, मग मधला गाणारा काढूया."

ग्रॅहम हातभर अंतरावर उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "त्याला सांग, विनोद कळला."

आणि अशा रीतीने मी जपानातली पहिली इंग्रजी-इंग्रजी दुभाषी झाले.

खरं सांगू? मला यात काही अवघड वाटलं नाही. सासरी माझे सासरे आणि मोठे दीर अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. "सुजाता, त्याला सांग, गाडी दारात लावू नको." मग मी आत जाऊन सांगायचं, "भाऊजी, बाबा विचारतायत, गाडी जरा पुढे घेता का?" या घरातली कडू गोष्ट त्या खोलीत जाईपर्यंत गोड करायची, हे सूनबाईचं काम. सगळे म्हणायचे, सुजातामुळे घर टिकलंय. मीही तेच धरून बसले होते.

शनिवारी सकाळी शिनकान्सेनने नागोया. नोझोमीने, म्हणजे त्यातल्या सगळ्यात वेगवान गाडीने, पावणेदोन तास, तिकीट साधारण अकरा हजार येन. जाताना उजवीकडची, म्हणजे ई अक्षराची खिडकी मागा. मला बँडच्या मधोमध बसवलं होतं. फुजी आला तेव्हा डबाभर "ओऽऽ" झालं. स्वच्छ, पांढरा, एवढा मोठा की मला उगाच रडू आलं. कॉलिन खिडकीकडे बघत म्हणाला, "त्याला सांग, तो माझ्या पायावर उभा आहे." मी ग्रॅहमला म्हटलं, "कॉलिन म्हणतोय, तुला इकडून जास्त छान दिसेल, थोडा सरक." ग्रॅहमचा चेहरा खुलला. "असं म्हणाला?"

शाकाहारी मंडळींसाठी: नागोयात लाल मिसो, म्हणजे सोयाबीनची आंबवलेली पेस्ट, प्रत्येक पदार्थात घालतात आणि त्यात माशाचं पाणी असतं, तेव्हा स्टेशनवरच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानातून, आंबट फळाची ओनिगिरी, म्हणजे भाताचा त्रिकोणी गोळा, घ्या. शंभर-सव्वाशे येनला एक. दोन खाल्ल्या की संध्याकाळपर्यंत निभतं. मी विंगेत बसून तेच खाल्लं आणि शो पाहिला. जपानी प्रेक्षक गाणं चालू असताना जागेवर नाचतात आणि ते संपून शेवटचा सूर विरेपर्यंत गप्प उभे राहतात. मग टाळ्या. मी मांडीवर रूपक मोजत होते, ती ती ना, धी ना, धी ना, आणि नीलने ते पाहिलं. नंतर धावत येऊन म्हणाला, "तू मोजत होतीस! माझी बायकोसुद्धा मोजत नाही!" मला बँड आवडायला लागला होता, काय सांगू. आणि त्या दोघांनी एकमेकांकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

रविवारी नागोयाहून शिन-ओसाका, जेमतेम पन्नास मिनिटं. ग्रॅहम दोन डबे पुढे बसला होता. कॉलिन माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ बुटाच्या नाडीशी खेळला आणि मग म्हणाला, "त्याला सांग. ओसाकानंतर मी नाही. बँड संपला. चौथा अल्बम मी त्याच्याबरोबर करणार नाही. त्याचा आवाज ऐकला की माझ्या पोटात ढवळतं. मला सांगता येत नाही, बँडला चौदा वर्षं झाली. तू चांगलं सांगतेस."

मी उठले. दोन डबे चालत गेले. वाटेत मला काय दिसत होतं ते लपवत नाही, मला मोरिता-सान दिसत होते आणि ती यादी दिसत होती. संध्याकाळी शो होता. एवढी एक संध्याकाळ निघून जाऊ दे, मग दोघं आपल्या देशात जाऊन हवं ते करू देत. आणि हेही खरं, की ग्रॅहमने माझ्यासाठी शेजारच्या सीटवर गरम चहाचा कॅन धरून ठेवला होता.

"काय म्हणाला?"

"दमलाय," मी म्हटलं. "ओसाकानंतर थोडी विश्रांती घेऊ म्हणतोय. अल्बमचं मग बघू."

आपल्याकडे 'मग बघू' म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. ग्रॅहम मासेमारी गावातला साधा माणूस. तो खूश झाला. म्हणाला, "देवा, मला वाटलं होतं तो सोडूनच चाललाय." आणि मी चहा प्यायले.

ओसाका मस्त आहे. लोक मोठ्याने बोलतात, एस्कलेटरवर उजवीकडे उभे राहतात, दुकानदार थट्टा करतात. पुण्यातून निघून मुंबईत उतरल्यासारखं वाटलं. दोतोनबोरीला ओकोनोमियाकी, म्हणजे कोबीचं जाड धिरडं, खा, साधारण आठशे येन, आणि वर माशाची पापुद्री घालू नका असं आधीच सांगा, नाहीतर गरम धिरड्यावर ती जिवंत असल्यासारखी हलते.

त्या हॉलचा माणूस उदार निघाला, मोठं गाणं पूर्ण वाजवायला वेळ दिला. पाचशेच्या आसपास पोरं. मी स्टेजच्या कडेला माईक घेऊन उभी, कारण मधलं बोलणं जपानीत सांगायचं माझं काम. शेवटच्या गाण्याआधी ग्रॅहम पुढे आला. घामाने निथळत होता, हसत होता. म्हणाला, "आम्ही थोडी विश्रांती घेणार आहोत. मग नवा अल्बम. आणि पुढच्या वर्षी सगळ्यात आधी इथे, ओसाकात. कॉलिन आणि मी, वचन."

सगळा हॉल माझ्या तोंडाकडे बघायला लागला. कॉलिनही. मी जपानीत सांगितलं, शब्दन् शब्द, शुद्ध, अदबीने. हॉल नुसता दणाणला. पुढच्या रांगेतली एक मुलगी मैत्रिणीच्या गळ्यात पडून रडायला लागली.

कॉलिनने एकोणीस मिनिटं वाजवलं. मला संगीतातलं थोडं कळतं, तेव्हा सांगते, त्या दिवशी तो जे वाजवत होता ते गेल्या दोन शोमध्ये कुठेच नव्हतं. मग त्याने गिटार स्टँडवर ठेवली, वायर काढून नीट गुंडाळली आणि निघून गेला. ग्रॅहमला वाटलं बाथरूमला गेला असेल.

सोमवारी सकाळी हॉटेलच्या नाश्त्याला (साधं बिझनेस हॉटेल, सहा हजार येन, नाश्ता धरून) कॉलिन एकटा टेबलावर मिसो सूप पीत होता. मी शेजारच्या टेबलावर टोस्ट चिवडत होते. ग्रॅहम आला. कॉलिनने रात्री नीलपाशी मन मोकळं केलं होतं आणि नीलने ग्रॅहमला सगळं सांगून टाकलं होतं. तो माझ्यासमोर बसला.

"ट्रेनमध्ये त्याने नक्की काय सांगितलं होतं? जसंच्या तसं सांग."

मी टोस्ट खाली ठेवला. म्हटलं, "ओसाकानंतर तो नाही. बँड संपला. चौथा अल्बम तुझ्याबरोबर करणार नाही. मी बदललं. चूक माझी आहे."

शेजारच्या टेबलावरून, वळूनही न बघता, कॉलिन म्हणाला, "पोटात ढवळतं ते गाळलंस."

म्हणजे बघा! कबुली देतानाही मी गाळलंच होतं.

ग्रॅहम हसायला लागला. मग त्याने खुर्ची वळवली. शुक्रवारनंतर पहिल्यांदा तो सरळ कॉलिनशी बोलला. "कधीपासून?"

"दुसऱ्या अल्बमपासून."

"मग तेव्हाच का नाही बोललास, गाढवा?"

"तू फार खुशीत होतास."

बाकी भांडण झालं नाही. दोघं अर्धा तास बोलले, उधारीच्या अ‍ॅम्पविषयी, कुणाच्या तरी आईच्या गुडघ्याविषयी. बँड मात्र मोडला. उठताना ग्रॅहम माझ्यापाशी थांबला. चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "शेवटचं आहे हे माहीत असतं, तर मी ते वेगळं गायलो असतो."

परतीच्या ट्रेनमध्ये फुजी ढगात होता. मोरिता-साननी तोक्यो स्टेशनवर वाकून सांगितलं, दौरा सुरळीत पार पडला, आपलं नाव यादीत घातलं आहे. मीही वाकले. कारखान्यातलं काम सोडलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या नावाचं कार्ड छापलं आणि ते पाहून मला जेवढा आनंद व्हायला हवा होता, तेवढा झाला नाही.

अमोलला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तू चांगल्यासाठीच केलंस ना." मी त्याच्यावर जी काही भडकले, बिचाऱ्याला कळेना काय चुकलं. पण तेच तर आहे. चांगल्यासाठी! कुणाच्या? लोक मला विचारतात, ओसाका कसं वाटलं, आणि मी ओकोनोमियाकीचं सांगते. जरूर जा, नोव्हेंबरात हवा छान असते. त्या संध्याकाळी हॉलमध्ये पाचशे माणसं होती आणि तो शेवटचा शो आहे हे आम्हा दोघांनाच पक्कं माहीत होतं, कॉलिनला आणि मला. ग्रॅहम मन लावून गात होता, आणि मी माईकवर हसून सगळ्यांना सांगितलं होतं, पुढच्या वर्षी भेटू.