मागच्या सीटवरचा जबाब

नोकरीतल्या एका प्रकरणापासून आजही रस्त्याने स्पोर्ट्स बाइक गेली तर मी आधी गाडीकडे पाहत नाही. मागे बसलेल्या माणसाकडे पाहतो. तो सरळ बसलाय की एका अंगाला कललाय, एवढंच बघतो. निवृत्त झालो तरी ही खोड गेली नाही. त्यात हल्ली माझा पुतण्या रोज मोबाइलवर जुन्या गाड्यांचे फोटो दाखवतो. "नाना, ही बघा. सिंगल ओनर, कागद क्लिअर, एकदम मक्खन!" मक्खन हा शब्द ऐकला की मी त्याच्या हातातला मोबाइल घेऊन उलटा ठेवतो. म्हणून लिहायला बसलो.

मी लेखक नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए. झालो, परीक्षा देऊन फौजदार झालो आणि निरीक्षक म्हणून बाहेर पडलो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. शिकलो म्हणून एक सवय लागली. दिसलं ते आधी लिहायचं, वाटलं ते नंतर.

तेव्हा माझी नेमणूक सातपूरच्या बाजूला होती. कारखान्यांचा भाग. शिफ्ट सुटली की रस्ता दुचाकींनी भरून जायचा आणि त्याच हिशोबाने गाडीचोरीच्या फिर्यादीही यायच्या. सकाळची हजेरी झाली की ठाण्याच्या बाकावर कोणीतरी हातात नुसती किल्ली घेऊन बसलेला असायचाच. गाडी गेलेली, किल्ली उरलेली.

एका सकाळी त्या बाकावर भंगारवाला बसला होता. मूळचा मालेगावचा, वयस्क, धंद्यात सरळ. आमचे हवालदार माझ्या कानाशी म्हणाले, "सर, भंगारवाला आपल्या पायाने ठाण्यात आला म्हणजे एकतर त्याचं काही गेलंय, नाहीतर दुसऱ्याचं सापडलंय."

"बोला चाचा," मी म्हणालो.

"साहेब, चेसिस आली माझ्याकडं. स्पोर्ट्स गाडीची. दोन तुकडे करून."

"मग? भंगारात तुकडेच येणार."

"मोडकी कापतात साहेब. ही सीधी आहे. रंगसुद्धा उडालेला नाही. अच्छा माल कोण कापतंय?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही पंच बोलावले आणि त्याच्या गोदामात गेलो. चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा. त्यावरचा नंबर घासून काढलेला होता. सांगाडा मधोमध गॅस कटरने कापलेला. पण मागच्या तुकड्याला, जिथं मागची सीट बसते तिथं आतल्या बाजूने, एक काळा दोरा गुंडाळलेला होता. दोरा शाबूत. मी ते कापलेलं तोंड पुन्हा पुन्हा पाहिलं. सरळ रेषेत आलेला काप दोऱ्याच्या आधी वाकून वीतभर पुढे गेला होता. कापणाऱ्याने दोऱ्याला आच लागू दिली नव्हती. पंचनाम्यात मी हे मुद्दाम लिहून घेतलं. हवालदारांना तेव्हा त्याचं फार काही वाटलं नाही.

मग प्रलंबित फिर्यादी काढल्या. तशाच गाडीच्या चोरीची फिर्याद दिलेला एक कॉलेजचा मुलगा आणि त्याची आई यांना बोलावलं. काही न दाखवता विचारलं, "गाडीला काही खूण?"

मुलगा म्हणाला, "काही नाही सर. मी स्टिकरसुद्धा लावू देत नाही."

आई चाचरत बोलली. "एक आहे साहेब. ह्याला सांगितलं नव्हतं. पुढं लिंबू-मिरची बांधू देईना, शान जाते म्हणे. मग मी त्र्यंबकेश्वराहून दोरा आणला आणि मागच्या सीटखाली बांधला. ह्याच्या बाळपणीच्या मनगट्यांतला एक मणी ओवलाय त्यात. गाठीच्या आतल्या अंगाला."

"आई!" मुलगा एवढंच म्हणाला.

आधी वर्णन लिहून घेतलं, मग दोरा दाखवला. उलटं केलं तर कोर्टात वकील आपल्याला फाडून खातो. बाईंनी दोरा ओळखला. गाठ उलटी केली तर आत मणी होता.

ते तुकडे कुणाच्या टेम्पोतून आले हे चाचांनी सांगितलंच होतं. एका गॅरेजमधून. मालक स्वतः मिस्त्री, पुढे जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची रांग लावून विकायचा. मी साध्या कपड्यांत सकाळी लवकर तिथे गेलो. गाड्यांवर कापडं होती, शटर नुकतंच वर गेलेलं. गिऱ्हाईक म्हणून एका गाडीच्या इंजिनवर तळवा ठेवला. कोमट. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन कोमट कसं? गिऱ्हाईक यायच्या आधीच तो प्रत्येक गाडी तापवून ठेवायचा. थंड इंजिन खरं बोलतं. खडखडतं, धूर सोडतं, पहिल्या झटक्यात उठत नाही. तापलेलं इंजिन म्हणजे पढवलेला साक्षीदार.

स्टेशन डायरीला नोंद करून त्याला चौकशीला आणलं. घाबरला नाही. पोरगेलासा चेहरा, हात मात्र कसलेले.

"साहेब, माझ्याकडं कागदाशिवाय गाडी येत नाय. अन् कागदाशिवाय जात नाय. चेक करा."

चेक केले. खरोखर सगळे कागद जागेवर. गुन्हेगाराचे कागद गरिबाच्या कागदांपेक्षा नेहमी नीट असतात, हा माझा नोकरीभरचा अनुभव. मी हात उचलणारा अधिकारी नव्हतो. चहा मागवला आणि त्याच्या कामाबद्दल विचारत बसलो. कामात हुशार माणूस कामाबद्दल बोलायला लागला की सैल होतो. तोही झाला. मग चेसिसचा मागचा तुकडा आणून टेबलावर ठेवला, गाठ माझ्या बाजूला करून.

"हे तुझं?"

"नाय साहेब. कधी बघितलं पण नाय."

मी हवालदारांना म्हणालो, "हा दोरा काढून टाका. उगाच लोंबतोय. ब्लेड आणा."

मुद्देमालाला मी ब्लेड लावू दिलं नसतं. पण हवालदार कसलेले, लगेच उठले. आणि मिस्त्री खुर्चीतून अर्धवट उठून म्हणाला, "राहू द्या साहेब. लेकराचा मणी हाय त्यात."

हवालदार ब्लेड न घेताच दारात थांबले.

"तुला तिथून मणी दिसतो?" मी विचारलं.

तो खाली बसला. नंबर त्याने बेधडक घासला होता. अख्खी चेसिस बेधडक कापली होती. पण दुसऱ्याच्या लेकराची दृष्टीची गाठ तोडायची त्याची छाती झाली नव्हती. खुर्चीची कड धरून म्हणाला, "मलाबी पोरगी हाय साहेब."

पुढचं भराभर आलं. चोरलेली गाडी त्याने विकत घेतली होती. तिचं इंजिन, चाकं, रंगीत काऊल म्हणजे बाहेरचं कवच, सगळं उत्तम. कागद मात्र नाहीत. दुसरीकडे त्याच्याकडे एक अपघातातली गाडी पडून होती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर समोरून आदळलेली. तिचे कागद चोख, शरीर मोडकं. त्याने चोरीच्या गाडीचं सगळं मांस काढून मोडक्या गाडीच्या सांगाड्यावर चढवलं आणि चोरीचा चांगला सांगाडा कापून भंगारात टाकला. इंजिनवर मोडक्या गाडीचा नंबर ठोकला. आता ती गाडी कोणीही तपासली असती तरी कागद जुळले असते.

माझ्या मनात वेगळंच आलं. "समोरून आदळलेली म्हणालास. हँडल जिथं चेसिसला बसतं ती मान?"

त्याने चहाचा रिकामा कप बाजूला सरकवला.

"मान, मिस्त्री."

"चिरली होती. वेल्डिंग मारलं. पुट्टी भरून रंग दिला."

"टिकेल?"

तो टेबलाकडे बघत राहिला. "मी बोललो होतो गिऱ्हाइकाला. जपून चालव म्हणून."

"का जपून, ते सांगितलंस?"

"इंजिन नवं बसवलंय, असं सांगितलं."

गुन्हा उघडकीस आला होता. हवालदारांच्या चेहऱ्यावर समाधान होतं आणि त्यात चूक काहीच नव्हती. मला मात्र खुर्चीवर बसवेना. चोर पळून गेला तर उद्या सापडतो. इथे एक माणूस चिरलेल्या मानेच्या गाडीवर बसून या घटकेला कुठेतरी वेगात चालला होता आणि त्याला वाटत होतं आपली गाडी मक्खन आहे.

विकली कुणाला? कागद अजून जुन्याच मालकाच्या नावावर. मिस्त्रीला एवढंच ठाऊक होतं की पोरगा पेठकडचा आहे, सातपूरला कंपनीत लागलाय. वायरलेसवर गाडीचा नंबर आणि लाल रंग सांगितला, नाक्यांवर कळवलं आणि आम्ही एकेका कंपनीच्या गेटवर फिरू लागलो. प्रत्येक लाल गाडी दिसली की मी जीपमधून अर्धा बाहेर. हवालदार म्हणाले, "सर, पडाल." मी त्यांच्यावर ओरडलो. ते माझ्या बाजूचं दार तेवढं हाताने धरून बसले.

शेवटी एका पार्किंगचा वॉचमन हसला. "तो लाल गाडीवाला? अहो, जेवणाच्या सुट्टीत सगळे जेवतात, हा गाडी पुसतो. आज नाही यायचा. बायकोला आणायला गेलाय माहेरी. पेठच्या पुढं."

पेठचा रस्ता म्हणजे घाट. आणि परतीला गाडीवर दोघं.

एका सोबत्याकडून फोन नंबर मिळाला. लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला तर संपर्क क्षेत्राबाहेर. त्या बाजूला रेंज लपंडाव खेळते. जीप पेठ रोडला लागली आणि मी वळणावळणावर रस्त्याकडेला नजर टाकत होतो. काय शोधत होतो ते मला माहीत होतं. हवालदारांनाही.

घाट उतरायला लागलो आणि समोरून लाल गाडी चढताना दिसली. पुढे तो, मागे बायको, मध्ये फुगलेली पिशवी. बाई एका बाजूला कलून बसली होती, पोरं उसाच्या बैलगाडीला लोंबकळतात तशी. मी हात केला. त्याने गाडी थांबवली, हेल्मेट काढलं आणि हसतच कागदांचं पाकीट पुढे केलं.

"सगळं ओके हाय साहेब. इन्शुरन्स पण."

"गाडीवरून उतर."

"काय झालं पण?"

"आधी उतर. ताई, तुम्हीही उतरा."

तो चिडला. "साहेब, गरिबानं चांगली गाडी वापरली का लगीच चोरीची वाटती का तुमाला?"

त्याचा राग खरा होता. मी सांगितलं, "तुझ्यावर संशय नाही. गाडीवर आहे. चालवताना काही जाणवतं?"

"काय बी नाय. एक नंबर गाडी हाय."

तेवढ्यात बायको बोलली. "साहेब, मी कवाची सांगतेय तेंना. ही गाडी एका अंगाला वढती. मला रोजच्याला असं सरकून बसावं लागतं."

"तिला काय कळतंय गाडीतलं, साहेब!"

मी बाईंना म्हणालो, "तुम्हीच बोला. अजून काय?"

"उताराला ब्रेक लावला का खालून कट्ट करतंय. हे गाणी ऐकत्यात कानात, तेंना कुठून ऐकू यायचं?"

हवालदारांनी पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं, मी हँडल धरून गाडी मागे-पुढे रेटली. टाकीखाली मोबाइलचा उजेड पाडला. रंग फुटून एक बारीक रेघ मानेभोवती अर्ध्याहून जास्त फिरली होती, रेघेच्या कडेला गंज. गाडी रेटली की रेघ उघडायची, सोडली की मिटायची. मी त्याला वाकून पाहायला लावलं. त्याने पाहिलं. मग पलीकडे दरीकडे पाहिलं, ज्या चढाने ते आत्ता आले होते तिकडे. आणि कठड्यावर जाऊन बसला.

"रोज पुसली हो मी तिला," एवढंच म्हणाला.

बाईने पिशवी उचलली. "आता बोला, मला कळत नाय म्हणून." आणि बोलता बोलता तिच्या डोळ्यांना धार लागली. त्याने तिचा हात धरला. आमच्यादेखत धरला, तिकडच्या माणसाच्या मानाने ती मोठी गोष्ट. गाडी टेम्पोत घालून पाठवली आणि दोघांना जीपमधून आणलं. वाटभर तो मागे वळून टेम्पोकडे बघत होता.

दोषारोपपत्र गेलं, गुन्हा शाबीत झाला. कॉलेजच्या त्या मुलाचं इंजिन कोर्टाच्या आदेशाने त्याला परत मिळालं. दोरा मुद्देमालात राहिला. त्या आईला मी तो नंतर मिळेल म्हणालो तर ती म्हणाली, "असू द्या साहेब. ह्या वेळी ह्यानंच माझ्याकडं मागून नवा दोरा बांधून घेतलाय."

या प्रकरणाने मला शिकवलं ते साधं आहे. कागद विकणाऱ्याचे असतात, ते विकणाऱ्याच्याच बाजूने बोलतात. चालवणारा तर प्रेमात पडलेला, त्याचा जबाब अर्धाच धरायचा. गाडीची खोड त्याच्या अंगवळणी पडते आणि मग ती त्याला खोड वाटतच नाही. जिला गाडीत काही कळत नाही असं आपण म्हणतो, तिच्या कमरेला, मानेला, तळव्यांना सगळं कळत असतं. फक्त तिचा जबाब कोणी नोंदवत नाही.

परवा पुतण्या एक गाडी दारात घेऊन आलाच. मालक सोबत होता. मी इंजिनवर हात ठेवला, गार होतं. पहिल्या झटक्यात उठलं. टाकीखाली वाकून मान पाहिली, टायरची झीज दोन्ही अंगांना सारखी, बोल्टवर पान्याचे ओरखडे नाहीत.

"मग? घेऊ ना नाना?"

"आधी आईला मागे बसव. गंगापूर रोडपर्यंत एक चक्कर मारून आण."

"आईला? स्पोर्ट्स बाइकवर? नाना, लोक हसतील!"

"हसू देत."

वहिनी दारात उभ्या होत्या. "भाऊजी, पडले तर तुम्ही निस्तरा हं," म्हणाल्या, पदर खोचला आणि चढून बसल्या. गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. पाठ सरळ होती. तरी ते परत येईपर्यंत मी गेटपाशी उभाच राहिलो.