खाल्ल्या मिठाची रशियन भानगड

चहा घ्या, पण घोट गिळून मग ऐका. ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

अहो, चुका सगळ्यांच्याच हातून होतात. कुणी देवळातून दुसऱ्याची चप्पल घालून येतं, कुणी भलत्याच लग्नात आहेर देऊन येतं. मी मात्र भर सभेत, माईकवरून, एका सत्तरी ओलांडलेल्या सज्जन रशियन कर्नलला अमेरिकेचा हेर करून टाकलं. आपल्या नाशकात. तेही फुकटात!

त्याचं असं झालं. माझे वडील विमानाच्या कारखान्यात होते. तिथे तेव्हा रशियन इंजिनीअर येऊन राहायचे. ‘पोरीला रशियन आली तर घरबसल्या नोकरी,’ असा बाबांचा हिशेब. मी डिप्लोमा केला आणि काही वर्षं त्या मंडळींची दुभाषी म्हणून कामही केलं. नट, बोल्ट, वेल्डिंग, गळती आणि ‘हे कुणी तोडलं?’ या विषयांवर माझी रशियन अगदी फर्डी होती. पुढे लग्न झालं, अंबडच्या एका कंपनीत खरेदी विभागात चिकटले आणि रशियन उरली ती फक्त नवऱ्यावर चिडल्यावर बोलायला. मिलिंदला त्यातलं अवाक्षर कळत नाही. म्हणून तर संसार टिकलाय!

आणि एक दिवस जोगळेकर सरांचा फोन. सर म्हणजे माझे कॉलेजातले इतिहासाचे शिक्षक. आता निवृत्त आहेत, व्याख्यानमाला चालवतात.

“वैशाली, तुला रशियन येते ना गं?”

आता इथे ‘यायची, सर’ एवढं म्हणायला काय जात होतं? पण नाही!

“येते म्हणजे काय सर! पाण्यासारखी!”

“वा वा! मग रविवारी सकाळी ये. दोन पाहुणे आहेत. एक रशियन कर्नल, एक अमेरिकन कर्नल. पुण्याला परिषदेला आलेत, द्राक्षाचे मळे बघायला नाशिकला येतायत. मी म्हटलं, आलेच आहेत तर बोलवून घेऊ. अमेरिकनचं इंग्रजी मी सांभाळतो, रशियन तू सांभाळ.”

“विषय काय, सर?”

“चुकून होणारं अणुयुद्ध!”

अणुयुद्धात वेल्डिंग कितपत येतं हो?

तरी तयारी केली. घरात क्रियापदं घोकली. रविवारी रिक्षा द्वारका चौकाच्या सिग्नलला अडकली तेव्हाही मी पुटपुटतच होते. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं आणि म्हणाला, “ताई, दवाखान्यात जायचंय का?”

पाहुणे मात्र फार गोड निघाले. रशियन कर्नल अर्काडी म्हणजे उंचापुरा, पांढऱ्या भुवयांचा, आवाज असा की समोरचा पेला थरथरावा. इंग्रजी त्याला अगदी मोडकंतोडकं यायचं. अमेरिकन कर्नल वॉल्टर बुटका, टकलू, सतत हसरा. दोघं एकमेकांना सोडत नव्हते. अर्काडीच्या चष्म्यावर धूळ दिसली की वॉल्टर तो काढून आपल्या रुमालाने पुसायचा आणि परत त्याच्या नाकावर बसवायचा. मी म्हटलं, हे कसले शत्रू? आमच्या सोसायटीतले शेजारी यापेक्षा जास्त शत्रू आहेत!

त्यांचं खरं काम काय होतं, ते मी तुम्हाला आधीच सांगून टाकते. मला ते नंतर कळलं, पण तुमची तरी फसगत नको. शतक बदलताना जगभर भीती होती ना, की कॉम्प्युटर तारखेला गोंधळतील? तेव्हा दोन्ही सरकारांना घाम फुटला होता. कॉम्प्युटरने भलतंच काही दाखवलं आणि क्षेपणास्त्र सुटलंय समजून समोरच्याने खरंच सोडलं तर? म्हणून दोन्हीकडचे लष्करी अधिकारी अमेरिकेत एकाच खोलीत शेजारी शेजारी बसवले. पडद्यावर काही दिसलं की आधी शेजाऱ्याला विचारायचं, “बाबा रे, हे तुझं का?” त्याने खरं ते सांगायचं, दोघांनी आपापल्या घरी फोन करायचा. बस! तिथेच या दोघांची मैत्री जमली.

पण सभागृहात हे कुणालाच माहीत नव्हतं. सरांनी प्रास्ताविकात रशियाचा सगळा इतिहास घेतला आणि नेमक्या मुद्द्यावर यायच्या वेळी त्यांचा वेळ संपला. अर्काडी वयाने मोठा, म्हणून पहिलं भाषण त्याचं. मी शेजारी दुसरा माईक धरून उभी. पहिल्या रांगेत देवळाली कॅम्पचे सुभेदार बोडके. तोफखान्यातून निवृत्त झालेले, मिशा अशा की त्यांनाच सलाम ठोकावा. त्यांच्या बाजूला एक बातमीदार. त्याचा स्वतःचा बातम्यांचा चॅनेल, मोबाइलवर चालणारा.

अर्काडीने वॉल्टरच्या खांद्यावर हात ठेवला आणि गदगदून एक वाक्य बोलला. त्यात मला तीन शब्द कळले: ‘मीठ’, ‘खाल्लं’ आणि ‘ह्याच्या’ की ‘ह्याचं’ असं काहीतरी. मध्ये एक ‘पूद’ नावाचा शब्द होता, तो मी जन्मात ऐकला नव्हता. पण दुभाष्याने थांबायचं नसतं! मी ठणठणीत आवाजात सांगितलं,

“कर्नलसाहेब म्हणतात, मी ह्यांचं भरपूर मीठ खाल्लंय!”

सभागृहात असा सन्नाटा पसरला की पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली.

मला वाटलं, लोक भारावले!

सुभेदार सावकाश उठले. “मॅडम, नीट विचारा. ह्यांनी अमेरिकेचं मीठ खाल्लं?”

मी विचारलं. अर्काडीने जोरजोरात मान हलवली. “दा! दा!” म्हणजे हो, हो. आणि प्रेमाने वॉल्टरची पाठ थोपटली.

सुभेदारांच्या मिशा थरथरल्या. “मंग आता एवढंच विचारा. खाल्ल्या मिठाला जागले का?”

आता सांगा, ‘मिठाला जागणे’ याला रशियनमध्ये काय म्हणतात? मला आजही माहीत नाही. मी शब्दाला शब्द लावला. म्हणजे अर्काडीला विचारलं, “मीठ खाऊन तुम्ही झोपला नाहीत ना?”

तो जरा गोंधळला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. झोपायचं कसं? पहाऱ्याची ड्यूटी! त्याने लांबलचक उत्तर दिलं आणि गंमत बघा, ते मला शब्दन् शब्द कळलं. मी जोशात आले.

“म्हणतात, कधीच झोपलो नाही! रात्र रात्र जागलो! हे कॉफी आणून द्यायचे आणि मला जे जे दिसायचं ते सगळं मी ह्यांना सांगायचो!”

मागून कुणीतरी “अरे बाप रे!” म्हणालं. बातमीदाराचा मोबाइल वर झाला.

“काय काय सांगायचात?” तो ओरडला.

“सगळं! क्षेपणास्त्र कुठून उडालं, कुठे चाललंय, सगळं! काही लपवायचंच नाही, असं ठरलेलं होतं!”

“आणि पश्चात्ताप?”

मी विचारलं. अर्काडीने छातीवर हात ठेवला.

“म्हणतात, आयुष्यातलं सगळ्यात अभिमानाचं काम!”

सुभेदार मटकन खाली बसले. जोगळेकर सर घाम पुसायला लागले. आणि मी? मी खूश! इतक्या वर्षांनी एवढी सफाईदार रशियन! शब्द अडत नव्हते, लोक श्वास रोखून ऐकत होते. दुभाष्याला आणखी काय हवं?

तेवढ्यात माझा मोबाइल थरथरला. मिलिंदचा मेसेज. ‘सोसायटीच्या ग्रुपवर आलंय की नाशकात गुप्तहेराने गुन्हा कबूल केला. फोटोत तू त्याच्या शेजारी उभी आहेस. तू बरी आहेस ना? वकील बघू का?’

गुप्तहेर? कोण गुप्तहेर?

पहिल्यांदा मी समोर नीट बघितलं. लोक अर्काडीकडे असे बघत होते, जसं घरभेद्याकडे बघतात. त्या बिचाऱ्यालाही ते जाणवलं होतं. तो वॉल्टरकडे वळून हळूच काहीतरी म्हणाला.

वॉल्टर उठला. आरडाओरडा नाही, घाई नाही. दोन्ही हात वर करून इंग्रजीत म्हणाला, “एक मिनिट. कुणीही काहीही ठरवू नका. आधी विचारू या.” मग माझ्याकडे वळून शांतपणे, “मॅडम, याचं पहिलं वाक्य काय होतं?”

“की... त्यांनी तुमचं मीठ खाल्लं.”

“पूद होता का त्यात?”

“होता! पण पूद म्हणजे काय, मला...”

“पूद सोली?” त्याने अर्काडीला विचारलं.

“दा! पूद सोली!”

वॉल्टर जो हसायला लागला, तो टेबल धरून खालीच वाकला. डोळ्यांतून पाणी! मग त्याने त्या खोलीतल्या ड्यूटीचं सगळं सांगितलं आणि अर्काडीच्या तोंडून शंभरदा ऐकलेल्या या म्हणीचंही. सोली म्हणजे मीठ आणि पूद म्हणजे जुनं रशियन वजन, आपले सोळा किलो. माणूस ओळखायचा तर त्याच्याबरोबर पूदभर मीठ खाऊन संपवावं लागतं, अशी त्यांच्याकडची म्हण. म्हणजे तितकी वर्षं एकत्र जेवावं लागतं. अर्काडी म्हणाला होता, ‘ह्याच्याबरोबर मी पूदभर मीठ खाल्लंय.’

ह्याच्याबरोबर! ह्याचं नाही!

अहो, पूद राहू दे बाजूला, ‘बरोबर’ तर पहिल्या धड्यात असतं!

आता माईक माझ्याच हातात. पळणार कुठे? मी म्हणाले, “मंडळी, कर्नलसाहेबांनी कुणाचंही मीठ खाल्लेलं नाही. हे दोघं एका ताटात जेवलेले मित्र आहेत. जे सांगितलं, ते दोघांच्या सरकारांनीच सांगायला बसवलं होतं, चुकून युद्ध होऊ नये म्हणून. हेरगिरी वगैरे सगळी... माझी आहे.”

मग सुभेदारांना हसू फुटलं आणि त्यांच्यामागे सगळं सभागृह हसत सुटलं.

अर्काडी मात्र हसला नाही. त्याला अजून काहीच कळलं नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं, सावकाश, सोप्या शब्दांत, माफी मागत मागत. तो खुर्चीत बसला. चष्मा काढून हातात धरला. वॉल्टरनेही तो पुसायला मागितला नाही.

मग तो जे म्हणाला, ते मी प्रत्येक शब्दाची खात्री करून लोकांना सांगितलं.

“परत गेल्यावर माझ्या गावातले काही लोक हेच म्हणायचे. की हा तिकडे विकला गेला. सख्खा भाऊ बरेच दिवस बोलत नव्हता.”

आता हसणारे गप्प झाले. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्या माणसाच्या जुन्या जखमेवर मी मीठच चोळलं होतं की हो! सोळा किलो!

पण अर्काडीने चष्मा परत चढवला, भुवया उंचावल्या आणि पुढचं वाक्य माझ्याकडे बघत टाकलं. दुभाषी असल्यामुळे ते मलाच मराठीत सांगावं लागलं,

“कर्नलसाहेब म्हणतात... पण माझ्या गावातल्या लोकांकडे दुभाषी नव्हता. ते निदान स्वतःच्या अकलेने चुकले होते.”

छप्पर उडेल एवढा हशा! सुभेदार तडक व्यासपीठावर चढले, कडक सॅल्यूट ठोकला आणि अर्काडीला मिठीच मारली. बातमीदाराने आपली बातमी काढून टाकली. एवढ्यावर गप्प बसावं ना? नाही! नवी टाकली. मथळा होता, ‘अणुयुद्ध टळलं, पण नाशिकच्या दुभाष्या बाईंना टाळता येईना!’ पहिली बातमी सोसायटीपर्यंतच पोचली होती. ही माझ्या मालेगावच्या मावशीपर्यंत गेली. तिचा अहिराणीतून फोन आला, “का वं माय, हाई काय करी ठेवं तू?”

कार्यक्रम संपल्यावर बाहेर अंगणात चहा होता. बघते तर एका बाकावर तिघं बसलेले. मध्ये सुभेदार, दोन्ही बाजूंना दोन कर्नल. सुभेदार हाताने तोफ भरून दाखवत होते, तोंडाने ‘धाड्!’ करत होते. अर्काडी बोटाने पडद्यावरचा ठिपका काढून दाखवत होता. वॉल्टर कानाला मूठ लावून फोन करत होता. सुभेदारांना रशियन येत नाही, अर्काडीला मराठी येत नाही, वॉल्टरला दोन्ही येत नाहीत. आणि तिघं ठो ठो हसत होते!

मला वाटलं, बिचारे खाणाखुणा करतायत. आपण एवढा घोळ घातलाय, निदान आता तरी उपयोगी पडावं. मी कप ठेवला, पदर सावरला आणि लगबगीने जाऊन म्हणाले,

“सुभेदारसाहेब, काही सांगायचं असेल तर सांगा ना, मी करते भाषांतर!”

भारत, रशिया, अमेरिका. तिन्ही देशांच्या सैन्याचे हात एकदम वर झाले आणि तिघंही, आपापल्या भाषेत, एकाच सुरात ओरडले,

“नको!”

आणि तुम्हाला सांगते, हे तिन्ही ‘नको’ मला भाषांतराशिवाय अचूक कळले!