सेतुअण्णांनी दाखवलेली वाट

त्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही अकरा जण हेडफोन लावून अण्णांची वाट पाहत होतो. साडेनऊला त्यांच्या नंबरवरून ग्रुपवर दोन ओळी आल्या. ‘हे पहाटे गेले. हृदय बंद पडलें. कमला.’ मग एकेक जण बाहेर पडला. मी मात्र त्या खेळातल्या माळरानावर, हातात बंदूक आणि होकायंत्र घेतलेल्या माझ्या सैनिकाकडे बघत बसून राहिले...

सेतुमाधव राव हे कुंभकोणमचे दातांचे डॉक्टर. तंजावरकडे गेलेल्या मराठी घराण्यातले. घरात आमच्या पणजोबांच्या वेळची मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. मी सांगलीची, नकाशे काढण्याच्या कामातली, तरी नकाशा वाचायला मला अण्णांनी शिकवलं. आमच्या लष्करी खेळात तुम्ही कुठे उभे आहात ते पडद्यावर दिसत नाही. नकाशा असतो, होकायंत्र असतं, बाकी ज्याचं त्याने शोधायचं. पाच वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी मी धुक्यात चुकले आणि घाबरून पळत सुटले, तेव्हा कानात तो शांत आवाज आला, “धांवूं नको ताई. उभी रहा. काय दिसतें तें सांग.” धुकं जरा विरळ झाल्यावर एक मनोरा दिसला, दुसरीकडे पडका पूल. “होकायंत्रावर दोन्हींचे अंश घे. नकाशावर त्या खुणांपासून उलट रेघा ओढ. जेथें रेघा कापतात, तेथें तूं आहेस.” मी रेघा ओढल्या. मी खरोखरच तिथे होते! इतका आनंद मला शाळेतल्या कुठल्याच बक्षिसानं झाला नव्हता.

मग मी माझा धाकटा भाऊ निखिल यालाही संघात आणलं. तो माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. पावलं मोजत चालायचा, चढावर वाढलेली पावलं वजा करायचा, आणि नकाशावर बोट ठेवून सांगायचा, आपण इथे आहोत. अण्णा खूश व्हायचे. निदान मला तसं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आम्ही दाट धुक्यातून थेट शत्रूच्या तळावर पोचलो. वाट अण्णांनीच दाखवली होती, पुढे निखिल चालत होता. समोरच्या संघानं तक्रार केली, की तुमच्यातला कोणीतरी आपली जागा दाखवणारा चोरटा प्रोग्रॅम वापरतोय. अण्णा म्हणाले, मी चौकशी करतो. तीन दिवसांनी त्यांनी मला एकटीला फोन केला. “ताई, सांगायला जीभ वळत नाहीं. तो निखिल आहे.” मी पुरावा मागितला नाही. अण्णांनी सांगितलं म्हणजे झालं. निखिल एवढंच म्हणाला, “ताई, मी नाही केलं.” आणि मी त्याला म्हणाले, “अण्णा खोटं बोलणार नाहीत.” त्याचं नाव संघातून काढलं गेलं. तेही मीच काढलं, कारण यादी माझ्याकडे असते; स्वतःचं नाव कोणीही काढू शकतो, दुसऱ्याचं फक्त मी. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही. पुढच्या वर्षी आला, ओवाळून घेतलं, आणि जेवायला न थांबता गेला.

अण्णा गेल्यावर पाचव्या आठवड्यात कमलावहिनींचा फोन आला. कॉम्प्युटरमधले फोटो काढून हवे होते, त्यांना मूलबाळ नाही, आणि दुसऱ्या कोणाला ते यंत्र द्यायला मन होत नव्हतं. मी कुंभकोणमला गेले. महामहम तळ्यामागच्या गल्लीत घर, खाली बंद पडलेला दवाखाना, वर अण्णांची खोली. वहिनी कॉफी करायला खाली गेल्या. फोटो उतरवून झाले आणि मला वाटलं, एकदा अण्णांच्या नावानं खेळ उघडावा, त्यांनी शेवटचं कुठे थांबवलं होतं ते पाहावं.

खेळाबरोबर आपोआप आणखी एक खिडकी उघडली. त्यात नकाशा होता, आणि नकाशावर एक मोठा लाल ठिपका.

मी तारखा पाहिल्या. तीन वर्षांपासून तो प्रोग्रॅम तिथे होता. वहिनी पितळी पेला-वाटीत कॉफी घेऊन आल्या आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, “तें लाल काय गे?”

“अण्णा कुठे आहेत ते दाखवतं.”

त्यांनी पेला खाली ठेवला, जवळ आल्या आणि त्या ठिपक्यावर हलकेच बोट ठेवलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. लपवता आलं असतं, पण लपवालपवीचा मला त्या क्षणी वीट आला होता. त्या खुर्चीत बसल्या. “डोळे गेले होते त्यांचे,” त्या म्हणाल्या. “मधलें दिसत नसे, कडेचें तेवढें. दवाखाना त्याचसाठीं बंद केला. तुम्हांस सांगूं नको म्हणून मला शपथ घातली. म्हणत, वाट दाखवणारा मी, मीच आंधळा म्हटल्यावर माझें काय उरलें?”

मला रडू आलं, पण ते अण्णांसाठी होतं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. बारीक रेषा दिसत नव्हत्या तर आम्ही वाचून दाखवल्या असत्या. अकरा जण होतो आम्ही! त्या माणसानं ते न मागता माझा भाऊ पुढे केला, आणि वर मला म्हणाला, जीभ वळत नाही.

“निखिलला सांगितलेंस?” वहिनींनी विचारलं.

मी सज्जात जाऊन फोन लावला. निखिलनं सगळं ऐकून घेतलं. “मला माहीत होतं, ताई. इतक्या धुक्यात नकाशावरून कोणीच तसं नेऊ शकत नाही. अण्णा परके, त्यांचं सोड. पण तू मला एकदाही विचारलं नाहीस, की निखिल, खरं काय झालं?” मी माफी मागितली. तो “बरं” म्हणाला. मागून वहिनींनी हात पुढे केला, “मज दे.” ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्याशी त्या बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. मी आत निघून आले.

हे लिहू का, असं मी त्यांना निघताना विचारलं. “लिही,” त्या म्हणाल्या. “त्यांनींच सांगायचें होतें.”

घरी आल्यावर मी संघाला आणि त्या जुन्या स्पर्धेच्या लोकांना सगळं कळवलं, आणि यादीत निखिलचं नाव परत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर त्यानं ते स्वतःच काढून टाकलं होतं. अण्णांचं मात्र अजून आहे.