एका फेट्यापायी बावीस वर्षं अडवलेलं माहेर

शालनआत्या गेली त्याला आता सात आठवडे झाले. फोन सकाळी नऊच्या सुमारास आला. पप्पा द्राक्षबागेत होते, म्हणून मी उचलला. पलीकडून आत्याचा नवरा दोनच वाक्यं बोलला. "शालन गेली. साडी घिऊन या." म्हशीची धार काढायला बसली होती, तिथंच आडवी झाली, डोक्यातली नस फुटली, हे सगळं नंतर कळलं. आधी कळली ती साडी. आमच्याकडे सवाष्ण गेली की तिला शेवटची साडी माहेरची नेसवतात आणि ती येईपर्यंत तिला घरातून हलवत नाहीत. तासगावहून निघालो, विट्यात गाडी थांबवली. दुकानाचं शटर नुकतंच वर गेलेलं. पप्पा म्हणाले, हिरवी दाखवा, चांगल्यातली. दुकानदारानं हसून विचारलं, "लग्नाची का पाव्हणं?" मी म्हणाले, "मयताची." तिथून फलटणपर्यंत, म्हणजे आत्याच्या सासरापर्यंत, माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती... बावीस वर्षांत तिच्या सासरनं आमच्या घराला 'या' म्हणण्याची ही पहिली वेळ. जिवंतपणी बाईला माहेराची वाट बंद, आणि मेल्यावर माहेराशिवाय तिचं अडतंय. हा कुठला न्याय, ते मला कुणीतरी समजावून सांगावं. रीत आहे म्हणून नका सांगू. रीत मलाही पाठ आहे.

भांडण फेट्याचं होतं. लग्नात मानाच्या पाहुण्यांना फेटे बांधतात, माइकवर एकेकाचं नाव पुकारतात, हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. आत्याच्या लग्नात तिच्या चुलत सासऱ्यांना फेटा मिळाला नाही, टॉवेल-टोपीवर भागवलं. त्यांना घरात तात्या म्हणतात. सासरे लवकर गेल्यामुळे त्या घरात पान हलायचं ते तात्यांच्या शब्दानं. तात्या मांडवातून उठले आणि जीपमध्ये जाऊन बसले. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, तात्या जीपमध्येच. मी तेव्हा सहा वर्षांची होते. मला आठवतं ते इतकंच, की माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील आबा, जेवणाचं ताट घेऊन त्या जीपजवळ उभे होते आणि काच खाली होत नव्हती. घरात आम्हा पोरांना सांगितलं गेलं ते असं: फेटे कमी पडले, चूक झाली, पाहुणे रुसले. रुसले तर रुसले, चार महिन्यांत निवळेल, असं सगळे म्हणत होते. निवळलं नाही. तात्यांनी निरोप धाडला की, मांडवातली चूक शालनच्या बापानं चार लोकांत कबूल करावी आणि फेटा आणून बांधावा. तोवर सून माहेरी जाणार नाही.

मुराळी म्हणजे सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येणारा माणूस, बहुतेक वेळा भाऊ. नागपंचमीला आणि दिवाळीला पप्पा मुराळी होऊन जायचे. दर वर्षी. सोबत शिदोरी, करंज्या आणि लाडू कापडात बांधलेले. मी आठ वर्षांची असताना हट्टानं त्यांच्याबरोबर गेले. बाहेरच्या सोप्यात तात्या लोडाला टेकून बसले होते. पप्पा अंग चोरून बसले. "आलासा? बरं झालं. च्या घ्या," तात्या म्हणाले. चहा झाला. मग तात्यांनी पप्पांच्या पिशवीकडं बघितलं आणि विचारलं, "पिशवीत काय हाय पाव्हणं?" पप्पा म्हणाले, "शिदोरी हाय तात्या." "शिदोरीच व्हय? मग जावा माघारी. उनं व्हायच्या आत पोचशीला." एवढंच. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. आत्या दाराआड उभी होती, तिनं मला खूण करून आत बोलावलं, माझ्या वेण्या सोडून नव्यानं घातल्या आणि पाठवून दिलं. बसमध्ये पप्पा शिदोरी मांडीवर घेऊन बसले होते. त्या कापडाची गाठसुद्धा सुटली नव्हती.

तात्यांवर मी चिडतेच, पण आत्याच्या नवऱ्यावर जास्त चिडते. हा माणूस वाईट नव्हता असं सगळे म्हणतात. हात उचलला नाही, दारूला शिवला नाही. मान्य. पण बावीस वर्षं तो त्या सोप्यात खांबाला टेकून उभा राहिला आणि जमिनीकडं बघत राहिला. थोरल्या माणसापुढं कसं बोलायचं, हे त्याचं उत्तर. मी त्याला एकदा तोंडावर विचारलं होतं, तुमची बायको आहे ना ती, तुम्ही गाडी काढा आणि सोडून या तिला. तो म्हणाला, "तुला न्हाई कळायचं, पोरी. घरात ऱ्हायचं असतं." तिलाही त्याच घरात राहायचं होतं, हे त्याच्या ध्यानात कधी आलं नाही. अशा गरीब स्वभावाच्या नवऱ्यांवर कुणी लेख लिहीत नाही. लिहायला पाहिजेत.

आत्या मात्र रडकी नव्हती, हे मला नीट सांगायचं आहे. मेलेल्या बाईला आपण लगेच गाय करून टाकतो. ती दुपारी फोन करायची, घरातली माणसं जेवून कलंडली की. सुरुवात ठरलेली. "गवर्नर झोपल्यात. बोल." गवर्नर म्हणजे तात्या. मग ती त्यांच्या घोरण्याची नक्कल करायची, शेजारणीच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची, माझ्या लग्नाचं विचारायची आणि मी नाही म्हटलं की म्हणायची, "शानी हायस. फेट्यांचा खर्च वाचला." सहा वर्षांपूर्वी आबा गेले तेव्हा तिला धाडलं. तात्या स्वतः घेऊन आले, स्मशानात आले नाहीत, घराच्या पायरीला पाय लावला नाही, जीपमध्ये बसून राहिले. पुन्हा जीपच. ती आबांच्या पायाशी तासभर बसली, उठली, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "चल, माझी वरात थांबलीया." मला तेव्हा तिचा राग आला होता. बाई, एक दिवस तरी राहा की.

कॉलेजनंतर मी सांगलीत बायांच्या संघटनेत काम करायला लागले. पत्रकं लिहायची, स्टँडवर वाटायची, सह्या गोळा करायच्या. तीन वर्षांपूर्वी मी आत्यावर पत्रक लिहिलं. तिला न विचारता. नाव घातलं नव्हतं, पण एक फेटा, वीस वर्षं, फलटण तालुका, एवढं वाचून आंधळ्यालाही कळलं असतं. पाचशे प्रती काढल्या आणि फलटणच्या आठवडी बाजारात स्वतः उभं राहून वाटल्या. मला फार भारी वाटलं होतं. संध्याकाळी आत्याचा फोन काढून घेतला गेला. पंचमीला पप्पांना सोप्यातसुद्धा बसू दिलं नाही. चार महिने तिचा आवाज आम्ही ऐकला नाही. माझ्या पाचशे कागदांची किंमत तिनं त्या घरात भरली, आणि मी इकडं सांगलीत शाबासकी घेत होते.

चार महिन्यांनी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. शेजारणीचा होता. "गवर्नर झोपल्यात. बोल." मी माफी मागायला लागले. ती म्हणाली, "वाचलं गं तुझं पत्रक. लय भारी लिवलंस. पर खोटं लिवलंस." मी विचारलं, काय खोटं? "फेटं कमी पडलं न्हवतं. मी बोहल्यावर हुते, मला समदं दिसत हुतं. फेटं मोजून आणल्यालं. तात्यांच्या वाटणीचा आबांनी कांबळेकाकांना बांधला. आपल्या हातानं."

कांबळेकाका म्हणजे आबांचे दोस्त. दोघं फौजेत ट्रक चालवायचे, एकाच्या ताटात दुसऱ्यानं जेवायचं. काका बौद्ध. वस्ती आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. यादीत त्यांचं नाव नव्हतं, ते मांडवाच्या कडेला उभे होते, आणि आबांनी त्यांना पुढं ओढून आणलं. म्हणजे तात्यांचं दुखणं फेटा मिळाला नाही हे नव्हतंच. तो कुणाच्या डोक्यावर गेला, हे होतं. आणि आमच्या घरानं वीस वर्षं आम्हा पोरांना सांगितलं, फेटे कमी पडले. आमच्या सुशिक्षित, सुधारलेल्या, मुलीला सांगलीला शिकायला ठेवणाऱ्या घरानं. तात्या निदान जीपमध्ये बसून उघड रुसले तरी होते.

मी म्हणाले, मग आबांनी माफी मागितली नाही हे बरोबरच होतं, पण तुझी सुटका... तिनं मधेच तोडलं. "आबा तयार झाल्ते. पयल्याच पंचमीला. तुझ्या बापाकडं फेटा दिऊन धाडलं हुतं. मीच दाराआडनं सांगितलं, माघारी घिऊन जा. कांबळेकाकांना बांधल्याली चूक झाली म्हणून आबांनी हात जोडायचं, आन् मी माहेरी जाऊन झोक्यावर बसायचं? कसल्या तोंडानं?" मग म्हणाली, "आता दुसरं पत्रक काढू नगंस. खरं बी लिवू नगंस. माझी शप्पत हाय." मला वाटलं, घाबरली. मी, बायांना घाबरू नका म्हणून गावोगाव सांगत हिंडणारी, तिच्याबद्दल पुन्हा चुकीचंच समजले.

तेराव्याला आम्ही परत फलटणला गेलो. कार्य झालं, माणसं सोप्यात बसली. आत्याची मुलगी रेश्मा एकोणीस वर्षांची, मिरजेत नर्सिंगला आहे. ती कोपऱ्यात बसली होती. मिरजेहून आमचं घर तासाभराच्या वाटेवर, पण तिलाही आजोळी जायची बंदी. हॉस्टेलवर तात्यांचा रोज फोन. तात्यांनी घसा साफ केला. "झालं गेलं. शालन तर गेली. आता पोरीचं तरी आजूळ बंद नगं. काय म्हंता पाव्हणं?" आणि त्यांनी पप्पांच्या पिशवीकडं बघितलं. सून जाऊन तेरा दिवस झाले होते. मी पप्पांकडं बघितलं, तर त्यांचा हात खरोखर पिशवीत गेला होता. आत फेटा होता. त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. नंतर म्हणाले, रेश्मा तरी सुटावी म्हणून. बावीस वर्षं ज्याला बहीण सोडवता आली नाही, त्या माणसाला मी काय बोलणार... पण तेव्हा मी बोलणारच होते, तोंड उघडलंच होतं. माझ्या आधी रेश्मा उठली. "मामा, ते भाईर काढू नका." पप्पा थांबले. "आईनं बावीस वर्सं फेटा दिऊ दिला न्हाई. तुमी तेराव्याला देताय व्हय?" तात्या म्हणाले, "तू ल्हान हायस. गप बस." ती म्हणाली, "बसते की. मामाच्या गाडीत बसते." आत गेली, आपली बॅग घेऊन आली आणि बापाच्या पाया पडली. त्यानं खांब सोडला नाही, पण तिला अडवलंही नाही. तेवढंच त्यानं त्या घरात केलेलं काम, असं मी धरते.

तासगावला उतरल्यावर ती घरात आली नाही. म्हणाली, आधी कांबळेआजोबांचं घर दाखव. काका आता ऐंशीच्या पुढं आहेत, कानानं कमी. जय भीम झालं, कोण कुणाची ते सांगून झालं. आणि तिनं आईची सगळी गोष्ट त्यांना सांगितली, मोठ्यानं, एकेक शब्द. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमाला तर सांगितलं, पाव्हणं जेवणावरनं रुसल्यात. मला म्हायती असतं तर मी दुसऱ्या दिशी जाऊन त्याच्या डोक्यावर ठिवला आसता की गं. पोरीच्या माहेराम्होरं फेट्याचं काय एवढं."

"म्हणून तर आईनं कुणाला सांगू दिलं न्हाई, आजोबा," रेश्मा म्हणाली.

मला शप्पत का घातली होती, ते तेव्हा कळलं. आता काकांना माहीत आहे, आणि रेश्मा म्हणाली लिही, म्हणून लिहिते आहे.

काकू आत चुलीपुढं होत्या. गॅस आहे, पण भाकरी चुलीवर. त्यांनी रेश्माला हाक मारली, ताट केलं, आणि ती बसायला लागली तशा म्हणाल्या, "तितं नगं. शालन अशी हिकडं बसायची, भिंतीच्या अंगाला. शाळंतनं आली की आदी हितं, मग तुमच्या घरी. तिच्या आईच्या शिव्या खायची, पर यायची." भिंतीचा तो भाग काळपट, गुळगुळीत झालेला होता. रेश्मा भिंतीच्या बाजूला सरकली, पाठ टेकली आणि भाकरीचा तुकडा मोडला. तिच्या फोनवर तात्यांचं नाव तीनदा येऊन गेलं. तिनं तो पालथा ठेवला आणि काकूंना म्हणाली, "अजून अर्धी वाढा."